व्हीआरमध्ये कॅरेक्टरचे पाय घसरतात, टेबलातले आकडे मात्र झकास. पेपरमध्ये हे मांडायचं कसं?

टी_पोझ

नमस्कार मंडळी. धागा लांबलचक आहे, आधीच सांगते.

पीएचडी चालू आहे, विषय कॅरेक्टर ॲनिमेशन. प्रकार असा की तुम्ही हेडसेट घालून एका व्हर्च्युअल खोलीत फिरताय, समोर एक व्हर्च्युअल माणूस आहे, तो तुमच्याबरोबर चालतो, थांबतो, तुम्ही अगदी अंगावर गेलात तर बाजूला होऊन वाट देतो. त्याचं चालणं रेकॉर्ड केलेल्या क्लिपा एकामागून एक जोडून केलेलं नाही, न्यूरल नेटवर्क मागच्या काही पोझ आणि पुढची वाट बघून पुढची पोझ काढतं, ती परत आत जाते, परत पुढची, असं सतत. ट्रेनिंग अमासवर केलंय (२०१९ चा मोशन कॅप्चरचा संग्रह, बरेच जुने डेटासेट एकाच बॉडी मॉडेलवर आणून एकत्र केलेत, ४० तासांच्या वर हालचाल आहे) आणि नेटवर्क ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) चालतं.

आता रडगाणं. मॉनिटरवर बघितलं तर सगळं छान. एफआयडी (तयार केलेल्या हालचाली खऱ्यांच्या किती जवळ जातात याचा आकडा, कमी तेवढा चांगला) ज्या पद्धतींशी तुलना केली त्यांच्यापेक्षा कमी. पण हेडसेट घातला आणि खाली बघितलं की टेकलेला पाय हळूच सरकताना दिसतो, वळताना तर फारच. शिवाय तो बाजूने चालत जात असताना त्याच्यावर नजर ठेवली की हातापायांच्या कडा दोन-दोन दिसतात, हे मॉनिटरवर कधीच दिसलं नव्हतं.

गाइड म्हणतात एफआयडी कमी आलाय ना, मग टेबल टाका आणि पाठवा. लॅबमधला सीनियर म्हणतो युजर स्टडी नसेल तर कोणी ढुंकून बघणार नाही, वीस-पंचवीस जणांना बसवून प्रेझेन्सची (आपण खरंच तिथे आहोत असं किती वाटलं त्याची) प्रश्नावली आणि एसएसक्यू (मळमळ वगैरे किती झाली त्याची) भरून घे, झालं. मला दोन्ही पटत नाहीये पण का पटत नाहीये ते नीट सांगता येत नाही, म्हणून इथे आले. पाय का सरकतात, ते मोजायचं कशाने, आणि स्टडी करायची तर नक्की काय विचारायचं लोकांना? आणि असा पेपर जातो कुठे, ॲनिमेशनवाल्यांकडे की व्हीआरवाल्यांकडे?

---

आयके_आजोबा

गाइडना दुखवू नका, पण एफआयडी या कामाचा नाही. तो २०१७ मध्ये चित्रं तयार करणाऱ्या नेटवर्कसाठी आला, तिथून मोशनवाल्यांनी उचलला. तो काय बघतो तर तुमच्या सगळ्या हालचालींचा ढीग आणि खऱ्या हालचालींचा ढीग, दोन्हींचे फीचर काढून ढिगांचा मध्य आणि पसारा एकमेकांशी किती जुळतो ते. एका विशिष्ट पावलात टाच दोन सेंटीमीटर सरकली याचं त्याला सोयरसुतक नाही, आणि फीचर काढणारं नेटवर्क पायाकडे बारकाईने बघायला शिकलेलंच नसेल तर बघायलाच नको. एफआयडी टेबलात ठेवा, पण त्याच्या जोरावर दावा करू नका.

पाय का सरकतात. तुमचं नेटवर्क बहुधा सांध्यांचे कोन काढतंय आणि कमरेचा वेग वेगळा काढतंय. पाय हे साखळीचं शेवटचं टोक, वरच्या सगळ्या सांध्यांच्या चुका तिथे येऊन साचतात. साधा हिशोब करा, कमरेपासून घोट्यापर्यंत ९० सेंमी धरले तर खुब्यात एका अंशाची चूक म्हणजे खाली जवळजवळ १६ मिमी. एक अंश! लॉस फंक्शनला (ट्रेनिंगमध्ये नेटवर्कची चूक मोजणारं सूत्र) एक अंश म्हणजे किस झाड की पत्ती, त्याच्या दृष्टीने मनगटातला एक अंश आणि खुब्यातला एक अंश सारखेच. त्यात कमरेचा वेग स्वतंत्र अंदाजाने येतो, म्हणजे शरीर जेवढं पुढे जातंय आणि पाय जेवढा मागे जातोय त्यांचा मेळ बसेल याची कुणीच हमी घेतलेली नाही. वळताना जास्त दिसतं कारण वळण्याचा डेटा सरळ चालण्यापेक्षा नेहमीच कमी असतो आणि नेटवर्क दोन-तीन तऱ्हेच्या वळण्यांची सरासरी काढून मोकळं होतं.

आता १६ मिमी म्हणजे फार का थोडं? यावर एक जुनं काम आहे, सगळ्यांनी वाचावं असं. २०११ साली सिम्पोझियम ऑन कॉम्प्युटर ॲनिमेशनमध्ये कॅरोल ओसुलिव्हन यांच्या गटाचा पेपर होता, लोकांना पाय सरकलेला कितपत कळतो यावरच. बहुतेक परिस्थितींत २१ मिमीच्या आतलं सरकणंसुद्धा लोकांनी पकडलं. म्हणजे तुमच्या खुब्यात दीड अंशाची चूक झाली की तुम्ही उघड्या पडलात.

उपाय म्हणजे ट्रेनिंगमध्ये फॉरवर्ड किनेमॅटिक्स करून (सांध्यांच्या कोनांवरून पाय कुठे येतो ते काढून) पायाच्या जागेवर लॉस लावा, कोणता पाय कधी टेकलाय याचं लेबल नेटवर्ककडूनच काढून घ्या, आणि चालवताना लेबल आलं की पाय तिथे लॉक करून आयकेने (इन्व्हर्स किनेमॅटिक्स, म्हणजे उलटं, पायाच्या जागेवरून वरचे कोन काढणं) गुडघा-खुबा जुळवून घ्या. लॉक सोडताना एकदम सोडू नका, फरक थोड्या फ्रेम्समध्ये विरघळवा. आणि लॉक केलेली जागा व नेटवर्कने मागितलेली जागा यात फार अंतर पडलं तर लॉक सोडायचाच, नाहीतर कॅरेक्टर पाय चिखलात रुतल्यासारखा ओढत राहतो.

---

चौथी_फ्रेम

दोन-दोन कडांबद्दल. हे पायाचं प्रकरण नाही, वेगळं आहे.

तुमचं नेटवर्क ३० एफपीएस, हेडसेट बहुतेक ९० हर्ट्झचा, म्हणजे एक फ्रेम ११ मिलिसेकंदांची आणि तुमची एकच पोझ तीन फ्रेम दाखवली जातेय. डोळा मात्र चालणाऱ्या माणसाचा पाठलाग करताना सलग फिरतो, तो तीन फ्रेम थांबत नाही. त्यामुळे तेच चित्र रेटिनावर थोड्या-थोड्या अंतराने तीनदा उमटतं आणि कडा दुहेरी-तिहेरी दिसतात. मॉनिटर ६० चा असेल तर फक्त दोनदा, शिवाय तिथे कॅरेक्टर छोटं असतं, नजर फार फिरवावी लागत नाही, म्हणून लक्षात आलं नसेल.

तपासायचं असेल तर कॅरेक्टर एका पोझमध्ये गोठवा आणि मान हलवून बघा. कडा एक दिसल्या तर दोष ॲनिमेशनच्या रेटचा, मधल्या पोझ भरून काढा (सांध्यांचे फिरणे क्वाटर्नियन स्लर्पने, म्हणजे दोन कोनांच्या मधलं फिरणं काढायच्या पद्धतीने, कमरेची जागा साध्या इंटरपोलेशनने). गोठवूनसुद्धा दुहेरी दिसत असेल तर तुमचं रेंडरिंगच ९० ला पोचत नाहीये आणि हेडसेट जुनी फ्रेम ओढूनताणून परत दाखवतोय.

आणि हो, हे स्टडीच्या आधी नीट करा. नाहीतर लोक म्हणतील कॅरेक्टर विचित्र वाटतं आणि तुम्ही समजाल नेटवर्क वाईट आहे.

---

कीफ्रेमकर

मी संशोधक नाही, ॲनिमेटर आहे, पोटापाण्यासाठी हेच करतो, त्यामुळे कृपया हलके घ्या.

पायांचं एवढं काय घेऊन बसलात? समोर माणूस उभा असला तर बघणारा चेहरा बघतो, डोळे बघतो, मग हात. पाय कोण बघतंय. आम्ही प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं पाय फ्रेमच्या बाहेर ठेवत आलोय, गवतात लपवत आलोय, कुणाचं काही बिघडलं नाही. तुमचं कॅरेक्टर बाजूला होताना आधी नजर वळवतं का? खांदा आधी जातो का कंबर आधी? वजन एका पायावर गेल्याशिवाय दुसरा पाय उचललाच कसा जातो? हे चुकलं तर पाय मिलिमीटरला चिकटवूनही ते बाहुलंच वाटणार. बरं हे सगळं १९८७ मध्ये पिक्सारच्या लॅसेटरने हाताने काढलेल्या ॲनिमेशनची तत्त्वं थ्रीडीत कशी लावायची ते सांगितलं तेव्हापासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे, तरी दर नवीन नेटवर्कच्या पेपरमधला माणूस तरंगतच येतो.

दुसरं, तुलना कशाशी केलीत? दुसऱ्या दोन नेटवर्कशी? गेमवाले २०१६ पासून मोशन मॅचिंगबद्दल जाहीरपणे बोलतायत. डेटामधून दर काही फ्रेमला सगळ्यात जवळची पोझ शोधायची आणि तिथे उडी मारायची, बास. खऱ्या माणसाची खरी फ्रेम असल्यामुळे उड्यांच्या मधला पाय आपोआप टेकलेला असतो. तुमचं नेटवर्क त्याच्यापेक्षा बरं दिसतं का एवढंच मला बघायचंय. नसेल तर कशाला एवढा उपद्व्याप.

---

आयके_आजोबा

@कीफ्रेमकर मोशन मॅचिंगच्या बेसलाइनला (तुलनेसाठी ठेवायची पद्धत) शंभर टक्के सहमत. रिव्ह्यूअर म्हणून माझ्याकडे आला तर पहिला प्रश्न तोच. फक्त एक, त्यात मेमरीत सगळा डेटा ठेवावा लागतो, त्यावर उतारा म्हणून २०२० मध्ये लर्न्ड मोशन मॅचिंग आलं, शोध आणि डेटा दोन्हीची जागा छोटी नेटवर्क्स घेतात. टी_पोझ यांनी निदान साधं मोशन मॅचिंग तरी त्याच डेटावर बसवावं, तेही नीट ट्यून करून. मुद्दाम लंगडी ठेवलेली बेसलाइन लगेच ओळखू येते.

पण पाय कोण बघतंय याला असहमत. फ्रेम तुमच्या हातात होती म्हणून पाय बाहेर ठेवता आले. व्हीआरमध्ये कॅमेरा बघणाऱ्याच्या मानेवर आहे.

---

मळमळ_मापक

उशिरा आले, पण हा माझाच प्रांत आहे त्यामुळे लांबण लावणार.

आधी कीफ्रेमकर आणि आजोबांचं भांडण. तुम्ही दोघं ज्यावर वाद घालताय ते मोजता येतं. डोळ्यांचं ट्रॅकिंग असलेला हेडसेट मिळाला तर किती टक्के वेळ नजर पायांवर होती ते लॉगमध्येच येईल, नाही मिळाला तरी डोक्याची दिशा मिळतेच. माझा अनुभव असा की समोरासमोर गप्पा असतील तर नजर चेहऱ्यावर, कीफ्रेमकर बरोबर. कॅरेक्टर दूर चालत जात असेल किंवा वाट देत असेल तर लोक पूर्ण शरीर बघतात, पायही. म्हणजे उत्तर कामावर अवलंबून आहे आणि टी_पोझ यांचं काम दुसऱ्या प्रकारचं आहे.

आता एसएसक्यू. केनेडी आणि मंडळींची १९९३ ची प्रश्नावली, विमानाच्या सिम्युलेटरमध्ये वैमानिकांना होणारा त्रास मोजायला बनवलेली, १६ लक्षणं, प्रत्येकाला ० ते ३. सीनियर म्हणतो म्हणून भरून घ्या, पण तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध काय? मळमळ होते ती डोळ्याला हालचाल दिसते आणि कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेला जाणवत नाही तेव्हा, किंवा लेटन्सी (मान हलवल्यावर चित्र उशिरा बदलणं) असली की. समोरच्या माणसाचा पाय सरकल्याने कुणाला भोवळ येत नाही. तुमच्या स्टडीत लोक स्वतःच्या पायाने फिरतायत, सगळ्या कंडिशनमध्ये सारखेच, मग फरक दिसणार नाही आणि तुम्ही लिहाल "आमच्या पद्धतीने सिकनेस वाढला नाही", जे कुणी विचारलंच नव्हतं. सुरक्षेसाठी ठेवा, कुणाला त्रास होतोय का बघायला, निकाल म्हणून नको.

आणि भरून घेतलीतच तर गुण नीट काढा, निम्म्या थिसिसमध्ये घोळ असतो. मळमळ, डोळ्यांचा ताण, दिशाभ्रम असे तीन उपगट, प्रत्येकाचा गुणक वेगळा (९.५४, ७.५८, १३.९२). एकूण गुण काढताना हे गुणून आलेले तीन आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात, तिघांच्या कच्च्या बेरजा एकत्र करून ३.७४ ने गुणायचं. एकूण गुण २३५.६२ च्या वर जाऊच शकत नाही, कुणाच्या टेबलात त्याहून मोठा आकडा दिसला तर समजून जा. अजून एक, आधी आणि नंतर दोन्ही वेळा प्रश्नावली दिली तर लोक नंतर जास्त त्रास नोंदवतात, कारण आपण काय शोधतोय ते त्यांना आधीच कळतं. यावरही प्रयोग झालेत.

प्रेझेन्सच्या प्रश्नावलीचं तर विचारू नका. २००० साली स्लेटर आणि सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग केला, काही लोकांना खऱ्या ऑफिसमध्ये एक खोका शोधायला लावला आणि काहींना त्याच ऑफिसच्या व्हर्च्युअल नकलेत, मग दोघांनाही त्याच प्रश्नावल्या दिल्या. एका प्रश्नावलीत खऱ्या खोलीतले आणि व्हर्च्युअल खोलीतले यांच्यात फरकच निघाला नाही, दुसरीत निघाला तो जेमतेम. जी प्रश्नावली खरी खोली आणि २००० सालचा हेडसेट यातला फरक नीट दाखवत नाही ती तुमच्या टाचेतला दोन सेंटीमीटरचा फरक काय डोंबल दाखवणार.

मग विचारायचं काय. मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न तुम्ही धाग्याच्या मध्येच लिहून ठेवलाय, मॉनिटरवर दिसलं नाही ते हेडसेटमध्ये दिसलं. आजोबांनी सांगितलेला २०११ चा आकडा स्क्रीनवर बघणाऱ्यांचा आहे. एकास एक मापाचा माणूस, दोन डोळ्यांना खोलीसकट दिसणारा, आणि वाकून पायाशी बघायची मोकळीक, अशा वेळी किती मिमी सरकणं कळतं? नेटवर्क बाजूला ठेवा. मोशन कॅप्चरची स्वच्छ चाल घ्या, तिच्यात मोजून-मापून सरकणं घाला, एकामागून एक दोन तुकडे दाखवा, एक स्वच्छ एक सरकणारा, आणि विचारा कुठल्यात पाय घसरला. सलग दोनदा बरोबर सांगितलं की सरकणं कमी करा, एकदा चुकले की वाढवा. हा जिना सुमारे ७०.७ टक्के बरोबर उत्तरांच्या पातळीवर जाऊन थांबतो आणि तुम्हाला त्या माणसाचा उंबरठा मिळतो. तोच प्रयोग त्याच लोकांवर मॉनिटरवर. अर्ध्यांना आधी हेडसेट, अर्ध्यांना आधी मॉनिटर. (आधी कुणी अगदी हेच केलंय का ते मात्र कसून शोधा, हे वेगळे सांगायला नको.)

हा आकडा हातात आला की तुमच्या नेटवर्कचा टेबल आपोआप अर्थपूर्ण होतो, आमची सरकण्याची सरासरी इतकी मिमी आणि हेडसेटमध्ये कळण्याचा उंबरठा इतका. एफआयडीचा ०.३ चा फरक कुणाला कळतो? मिलिमीटर सगळ्यांना कळतात.

किती लोक? "सगळे वीस घेतात" हे उत्तर नाही. छोटी पायलट करा, फरक आणि पसारा केवढा येतो ते बघा, त्यावरून पॉवर ॲनालिसिस (तेवढा फरक पकडायला किती माणसं लागतील याचा हिशोब) करून आकडा काढा आणि तो कसा काढला ते पेपरमध्ये लिहा. एथिक्सची परवानगी पायलटच्याही आधी. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजून हेडसेटचं लेन्सचं अंतर तेवढं लावा, हे लोक सर्रास विसरतात. २०२० च्या एका अभ्यासात स्त्रियांना हेडसेटचा जास्त त्रास होतो यामागचं मुख्य कारण हेच न जुळणारं अंतर निघालं. तुमच्या उंबरठ्याच्या मापातही ती गडबड घुसेल.

---

कीफ्रेमकर

@मळमळ_मापक हे आवडलं. निदान एखादा आकडा तरी मिळेल जो आम्हालाही वापरता येईल. कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही हे अजून आम्ही डोळ्यानेच ठरवतो.

फक्त स्टिक फिगरवर नका करू प्रयोग. काठ्यांच्या माणसावर सगळंच खपतं.

---

आयके_आजोबा

बरोबर बोलले. १९९८ मध्ये जेसिका हॉजिन्स आणि सहकाऱ्यांनी तेच दाखवलंय, तीच हालचाल काठ्यांच्या आकृतीवर आणि पॉलिगॉनच्या भरीव शरीरावर दाखवली तर बारीक फरक लोकांना पॉलिगॉनवर जास्त कळतात. आणि २००३ चा राइट्स्मा आणि पोलार्ड यांचा पेपरही बघून ठेवा, उडी मारणाऱ्या माणसाच्या हालचालीत मुद्दाम चुका घालून मोजलंय. आडव्या वेगातली चूक उभ्या वेगातल्या चुकीपेक्षा लवकर कळते, आणि वेग मधेच वाढला तर मंदावण्यापेक्षा लवकर कळतं. म्हणजे सगळ्या चुका एका मापाने मोजून उपयोग नाही. पायाचं सरकणं पुढच्या दिशेला आणि बाजूला वेगवेगळं मोजावं असं मला वाटतं, माणूस पुढे जात असताना पुढे सरकलेला पाय चालून जातो, बाजूला सरकलेला डोळ्यात येतो. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

---

अर्धा_क्वाटर्नियन

वाचनखूण साठवली. वाचतोय.

---

टी_पोझ

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

@चौथी_फ्रेम गोठवून बघितलं, कडा एकदम स्वच्छ. म्हणजे रेटचाच प्रश्न. मधल्या पोझ भरल्या आणि दुहेरी दिसणं गेलं.

@आयके_आजोबा पाय लॉक केले. सरकणं गेलं पण आता गुडघा मधेच टचकन उडतो. प्रत्येक पावलाला नाही, पाय मागे पूर्ण सरळ होतो साधारण त्या वेळी. बाकी पोझ गुळगुळीत, कमरेचा ग्राफ काढला तर त्यात काहीच नाही, गुडघ्याच्या कोनाच्या ग्राफमध्ये मात्र सुळका. आयकेचं कोड तपासलं, बरोबर वाटतंय.

आणि गाइडना काही न बोलता हेडसेट दिला आणि म्हटलं सर जरा खाली बघा. बराच वेळ बघत होते. एफआयडीचा विषय नंतर निघाला नाही :ड

---

आयके_आजोबा

कोड बरोबरच असणार. हे भूमितीचं दुखणं आहे.

मांडी आणि पोटरी प्रत्येकी ४५ सेंमी धरा. पाय पूर्ण ताठ, खुबा ते घोटा ९० सेंमी. आता लॉकमुळे हे अंतर फक्त एक सेंमीने कमी करावं लागलं, ८९. गुडघा किती वाकेल? करून बघा, १७ अंश. अजून एक सेंमी कमी केलं, ८८, तर २४ अंश, म्हणजे दुसऱ्या सेंटीमीटरला फक्त सात. पहिल्या सेंटीमीटरलाच सगळा खेळ. पाय ताठ असताना घोट्याच्या जागेत मिलिमीटरचा फरक पडला तरी गुडघा फटकन हलतो, कमरेत काही दिसणारच नाही.

दोन रस्ते. एक, आयकेला पाय पूर्ण ताठ करूच देऊ नका, शेवटच्या दोन-तीन टक्क्यांत ओढ हळूहळू कमी करत न्या म्हणजे पाय लांबीच्या हद्दीशी आदळत नाही. दुसरा, पायच लांब करा. हसू नका, मांडी-पोटरी त्या काही फ्रेम्सपुरती एखाद सेंटीमीटर ताणायची आणि परत आणायची. २०११ च्या त्याच पेपरमध्ये पाय सरकणं दुरुस्त करायच्या दोन पद्धती लोकांपुढे ठेवल्या होत्या, एक आयके आणि वर स्मूदिंग अशी साग्रसंगीत, दुसरी सरळ हातपाय ताणायची. लोकांना ताणलेली जास्त आवडली. हाडाची लांबी बदललेली डोळ्याला पटकन कळत नाही. गुडघ्याचा झटका लगेच कळतो, हे अर्थात गुडघ्याचं गणित बघून मी लावलेलं कारण. पण स्किनिंग (हाडांना वरचं शरीर बांधणं) तपासा, काही इंजिनमध्ये हाडाला स्केल दिला की खालचा पायसुद्धा मोठा होतो.

---

मळमळ_मापक

ताणलेला पाय हेडसेटमध्येही खपतो का, हा तुमचा दुसरा प्रयोग. तोच जिना, फक्त मिमीऐवजी टक्के.

पाठवायचं कुठे ते राहिलंच होतं. उंबरठ्याचा प्रयोग मुख्य असेल तर सिम्पोझियम ऑन अप्लाइड पर्सेप्शन, तिथले रिव्ह्यूअर असल्या स्टडीचे कान पकडतात आणि ते चांगलंच आहे. नेटवर्क मुख्य आणि प्रयोग पुरवणी असेल तर आजोबांचं सिम्पोझियम ऑन कॉम्प्युटर ॲनिमेशन, किंवा मोशन, इंटरॅक्शन अँड गेम्स. व्हर्च्युअल माणसाबरोबर खोलीत फिरण्याचा भाग वाढवलात, म्हणजे लोक त्याच्यापासून किती अंतर ठेवतात वगैरे, तर आयट्रिपलई व्हीआर. ते अंतर फुकटात मिळतं बरं का, हेडसेटची जागा लॉग होतेच आहे. लोक व्हर्च्युअल माणसाच्या समोरून जाताना पाठीमागून जाण्यापेक्षा जास्त अंतर ठेवतात हे बेलेन्सन आणि सहकाऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वीच दाखवलंय. तुमच्या सरकणाऱ्या आणि न सरकणाऱ्या कॅरेक्टरपासून लोक वेगवेगळं अंतर ठेवतात का बघा. प्रश्नावली न देता मिळालेलं उत्तर असेल ते.

सगळं एकाच पेपरमध्ये कोंबू नका मात्र.

---

टी_पोझ

ताणायचं केलं, झटका गेला. स्किनिंगचं म्हणालात ते झालंच होतं, चालताना बूट मोठा होत होता, आता खालच्या हाडाला उलटा स्केल दिलाय.

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. माझ्या सीनमधली जमीन सध्या एकरंगी करडी आहे, नमुना काही नाही. कालपरवा सहज टाइल्सचं टेक्श्चर लावलं तर तेवढंच सरकणं कितीतरी जास्त दिसायला लागलं. प्रयोगाला कुठली जमीन ठेवू?

---

मळमळ_मापक

दोन्ही. टाइल्सवर डोळ्याला रेघ मिळते, टाच रेघेपासून हलली की पकडली. करड्या जमिनीवर फक्त शरीराच्या बाकीच्या हालचालीवरून आणि सावलीवरून अंदाज बांधावा लागतो. एकच ठेवलीत तर तुमचा उंबरठा त्या जमिनीचा होईल आणि रिव्ह्यूअर तेच विचारेल. टाइलचं माप पेपरमध्ये लिहा.

---

कीफ्रेमकर

आणि पायाखाली सावली आहे का? बुटाच्या तळाशी, टेकतो तिथे गडद? ती नसेल तर पाय सरकत नसतानाही तरंगतोय असं वाटतं आणि तुमची माणसं त्यालाही घसरला म्हणतील. बुटाचा तळ आणि जमीन यात फट राहिली नाही ना तेही बघा, अमासचं शरीर अनवाणी आहे, तुम्ही वरून बूट चढवलाय.

---

टी_पोझ

सावली आहे, पण मऊ, लांबच्या दिव्याची. तळाशी गडद नाहीये. आणि फट आहे, आत्ता झूम करून बघितली, टाचेकडे जास्त. आधी ती बुजवते, मग पायलट.